अपूर्णांकाचा भागाकार: 'उलटा करा आणि गुणा' सगळ्यांना पाठ, पण का उलटायचं ते कुणालाच सांगता येईना

करवीरची_बाई

नमस्कार मंडळी. मी सहावीला गणित घेते, शाळा करवीर तालुक्यातली. सध्या अपूर्णांकांवरील क्रिया चालू आहेत, बेरीज वजाबाकी गुणाकार झालं आणि आता भागाकारावर गाडी अडलीय. म्हणजे वरून बघितलं तर अडलेली दिसत नाही बरं का, पोरं खटाखट गणितं सोडवतात, भाजकाचा गुणाकार व्यस्त (म्हणजे अंश-छेद उलटे केलेला अपूर्णांक) घ्यायचा, गुणायचं, मोकळं व्हायचं. पण परवा मी फळ्यावर नुसतं ९/४ ÷ १/२ लिहिलं आणि म्हटलं ह्याच्यावर एक शाब्दिक उदाहरण तुम्हीच तयार करा, तर बऱ्याच जणांनी लिहिलं 'सव्वादोन लिटर दूध दोघांत सारखं वाटलं तर प्रत्येकाला किती मिळेल'. अहो हे तर २ नं भागणं झालं की! आणि त्याच्याच खाली उत्तर साडेचार लिटर. सव्वादोन लिटर दूध दोघांत वाटलं आणि एकेकाच्या वाट्याला साडेचार आलं, तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही.

गोल भाकरीची चित्रं काढून झाली, ती बेरजेला चालतात, इथं चालेनात. समजून उमजून शिकवायचं तर सुरुवात कुठनं करू?

जुना_मास्तर

बाई, भागाकार म्हटलं की पोरांच्या डोक्यात वाटणी येते, कारण आपण दुसरीपासून तेवढंच शिकवलेलं असतं. १२ पेरू ४ जणांत. आता अर्ध्या माणसात कसं वाटणार? म्हणून ती १/२ चे गुपचूप २ करून टाकतात. भागाकाराचा दुसरा अर्थ आधी जागा करा, 'ह्यात ते किती वेळा बसतं'. १२ पेरू, एका पिशवीत ४, तर पिशव्या किती. हा अर्थ अपूर्णांकाला सरळ लागू पडतो. तुमचंच सव्वादोन लिटर घ्या आणि विचारा, गोकुळच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या असतात तेवढ्या मापानं किती पिशव्या भरतील?

आणि फळ्यावर ही ओळ एकाखाली एक लिहा, बोलू नका काही, पोरांना बघू द्या:

६ ÷ २ = ३
६ ÷ १ = ६
६ ÷ १/२ = १२
६ ÷ १/४ = २४

माप लहान होत चाललं की मापांची संख्या वाढत चालली, हे त्यांना आपोआप दिसतं. 'भागाकार केला की उत्तर लहानच यायला पाहिजे' ही जी गाठ मनात बसलेली असते ती इथं सुटते, आणि ती सुटल्याशिवाय पुढचं काही शिकवण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, सुरुवातीला अंश-छेद लिहूच नका, तोंडीच घ्या. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पोरांच्या कानावरनं रोज जातात. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, सगळे पाठ करून घ्यायचे. ते पाठांतर परत आणा असं मी म्हणणार नाही, पण दोन लिटरात पाव लिटर किती वेळा असं विचारलं तर पोरगं लगेच आठ म्हणतं, आणि तेच २ ÷ १/४ लिहिलं की ह्याची बोबडी वळते.

क्लासवाला_राजारामपुरी

मॅडम, सगळं पटतंय पण जरा व्यवहाराचं बोलू. मी स्कॉलरशिपची पोरं घेतो. तिथं एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं, पोरगं पिशव्या मोजत बसलं तर पेपर राहील. आणि नियमाला एवढं खाली बघायचं कारण नाही, लीलावतीतसुद्धा, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, भाजकाचे अंश आणि छेद अदलाबदल करा आणि पुढं गुणाकाराची रीत लावा असंच सांगितलंय. साडेआठशे वर्षं चाललंय ते उगीच नव्हे. आधी नियम हातात बसू दे, समज मागनं येते.

जुना_मास्तर

सर, नियमाशी माझं भांडण नाहीच. पण तुमच्याच क्लासमधल्या चुका आठवा की. पहिलाच अपूर्णांक उलटणारं एक पोरगं असतं, दोन्ही उलटणारं एक असतं, पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा नुसता शेपटीचा भाग उलटणारं असतं, आणि महिन्याभरानं गुणाकारातसुद्धा उलटायला लागलेली दोन-चार असतात. कशाला उलटतोय ते माहीत नसल्यावर काय उलटायचं ते तरी लक्षात कसं राहणार. समज मागनं येते म्हणता, मी तरी ती मागनं आलेली फारशी बघितली नाही, दहावीपर्यंत तशीच जातात पोरं.

कागलचा_शेतकरी

मी मास्तर नाही, इंजिनिअरिंग करून शेती बघतो, पण पोरीला हे मी पाण्यावरनं समजावलं ते सांगतो, बघा पटतंय का.

उसाला पाणी पाजताना समजा पाऊण तासात ६ गुंठे भिजले. तासात किती भिजतील? हे गणित म्हणजे ६ ÷ ३/४. आता ही 'कितीवेळा बसतं' वाली गोष्ट नाही, ही वाटणीचीच गोष्ट आहे, फक्त वाटणी तासावर चाललीय. पोरीला म्हटलं पाऊण तास म्हणजे पाव-पाव तासाचे तीन तुकडे. तिन्ही मिळून ६ गुंठे, मग एका तुकड्यात किती? म्हणाली २. आता पूर्ण तासात असे तुकडे किती? ४. मग ८ गुंठे. मी विचारलं तू काय काय केलंस ते वहीत लिही, तर तिनं लिहिलं '६ ला ३ नं भागलं, मग ४ नं गुणलं'. म्हणजे ६ × ४/३. उलटा करायचा नियम मी सांगितलाच नव्हता, तो तिच्या वहीतच तयार झाला. ३ खाली गेला कारण पाव तासाचं काढायला भागावं लागलं, ४ वर गेला कारण पूर्ण तासाचं काढायला गुणावं लागलं, बास, एवढंच आहे ते.

दारं धरायला, म्हणजे शेताला पाणी पाजायला, रात्री तिला बरोबर नेत नाही हो, हे सगळं चहाच्या टेबलावर चाललेलं 😄

जुना_मास्तर

व्वा दादा, हे लई भारी झालं. आणि गंमत बघा, हेच गणित माझ्या पद्धतीनं केलं तर ६ लिटरात पाऊण लिटरचं माप किती वेळा. ६ लिटर म्हणजे २४ पाव, पाऊण म्हणजे ३ पाव, २४ ला ३ नं भागा, ८. इथं आधी ४ नं गुणलं आणि मग ३ नं भागलं. तुमच्यात आधी भागलं मग गुणलं. पायऱ्या त्याच, क्रम फक्त वेगळा. बाई, दोन्ही गोष्टी एकाच गणितावर शेजारी शेजारी करून घ्या, एका दिवशी नको वाटल्यास.

इंजुबाई_७७

ह्यात दोन्ही समच्छेद करून घ्यायची रीत पण आलीच की. २४/४ ÷ ३/४, छेद एक झाला म्हणजे तुकडा एकाच आकाराचा झाला, मग नुसते अंश भागायचे. उलटायची भानगडच नाही. २/३ ÷ १/५ असलं वेडंवाकडं आलं तरी १०/१५ ÷ ३/१५, उत्तर १०/३. बेरजेत समच्छेद करायची सवय असतेच पोरांना.

करवीरची_बाई

सगळ्यांचे खूप आभार. आज दुधाच्या पिशव्यांचं घेतलं, वर्गात पाणी आणि अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या. सव्वादोन लिटर मोजून घेतलं, चार बाटल्या भरल्या आणि थोडं उरलं. ते मापून बघितलं तर पाव लिटर. तर एक पोरगा उठला आणि म्हणाला बाई उत्तर सव्वाचार, चार बाटल्या आणि पाव. मी म्हटलं रीतीनं करून बघ, तर साडेचार आलं. मग वर्गात जे काही रण माजलं ते विचारू नका, अर्धा वर्ग सव्वाचार अर्धा वर्ग साडेचार, आणि तास संपला! उद्या हे कसं मिटवू? मला माहितीय साडेचार बरोबर, पण त्या पोराला 'तुझं चुकलं' म्हणावं असं पण वाटेना, कारण पाव लिटर उरलंय हे त्याचं खरंच आहे.

जुना_मास्तर

अजिबात चुकलं म्हणू नका, हाच पोरगा तुमचा अख्खा धडा शिकवून जाणारे. त्याला एवढंच विचारा, चार 'काय'? तो म्हणेल चार बाटल्या. पाव 'काय'? पाव लिटर. मग चार बाटल्या आणि पाव लिटर ह्यांची बेरीज कशी केलीस? उरलेलं पाणी रिकाम्या बाटलीत ओतायला लावा, बाटली निम्मी भरेल. पाव लिटर म्हणजेच अर्धी बाटली. आपण बाटल्या मोजतोय तर उरलेलं पण बाटलीतच सांगायचं. बाकी लिटरमध्ये सांगितली तरी चालते, फक्त मग बोलताना 'चार बाटल्या भरून पाव लिटर उरलं' असं पूर्ण बोलायचं.

क्लासवाला_राजारामपुरी

हे मात्र मानलं. माझ्याकडे 'किती पिशव्या पूर्ण भरतील व किती दूध उरेल' ह्या टाईपचा प्रश्न आला की हुशार पोरं पण नेमकी इथंच आपटतात, मी निष्काळजीपणा समजून रागवत होतो. दोन बाटल्या क्लासमध्ये ठेवतो आता. बाटल्या नसतील तेव्हा कागदाच्या पट्ट्या चालतील का? किती लांबीच्या घ्यायच्या?

जुना_मास्तर

चालतील की, २४ सेंटिमीटरच्या कापा. अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३, सगळं पूर्ण सेंटिमीटरात बसतं, पट्टीवर मिलिमीटर मोजत बसायला लागत नाही. २० च्या नका घेऊ, तिसऱ्या हिश्श्याला घोळ होतो. पाचव्या हिश्श्याची गणितं असतील तर ३० ची वेगळी ठेवा.