चावी बरोबर आहे, तरी एईएसची फाइल उघडत नाही. चवथीआधी मदत हवी!

डिचोलीकर: देवस्थानच्या महाजनांच्या याद्या आणि जुन्या पावत्यांचे स्कॅन, सगळ्या मिळून ३१२ फाइली एनक्रिप्ट (चावीशिवाय वाचता येऊ नयेत अशा गुप्त) केलेल्या आहेत. चावी कागदावर आहे, तीनदा ताडून पाहिली. पायथनमध्ये डिक्रिप्ट होतात, एरर येत नाही, पण एकही स्कॅन उघडत नाही. रविवारी समितीची बैठक आहे. काय चुकतंय?

फोंड्याचा नाना: एईएस हा सायफर, म्हणजे गुप्त करायची रीत, एवढंच कळलं. कुठला मोड (ठोकळे एकमेकांना जोडायची पद्धत), एनक्रिप्ट कोणी आणि कशात केलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आयव्ही काय दिला?

डिचोलीकर: एईएस, सीबीसी, चावी ३२ अक्षरी. प्रोग्राम भाच्याने जावा भाषेत लिहिला होता. तो बोटीवर आहे, फोन लागत नाही. त्याचा लॅपटॉप पावसात वीज ये-जा करताना जळला. आयव्ही म्हणजे काय? पायथनने मागितला म्हणून १६ शून्यं दिली.

म्हापसेकर: चावी चुकलीय. ओ आणि शून्य, एल आणि एक, हे नीट बघा. माझं असंच झालं होतं.

फोंड्याचा नाना: चावी चुकली असती तर बहुतेक फाइलींना पॅडिंगची (फाइलीच्या शेवटी भर म्हणून घातलेल्या बाइटांची) एरर आली असती. एईएस १६-१६ बाइटांचे ठोकळे करतं आणि २५६ बिटांच्या चावीने प्रत्येक ठोकळा १४ फेऱ्यांतून घुसळतं. चावीचा एक बिट बदला, अख्खा ठोकळा ओळखू येत नाही. जवळपास बरोबर चावी असा प्रकारच नसतो. डिचोलीकर, यादीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा.

मडगावचा सचिन: हे सगळं सोडा आणि व्हेराक्रिप्ट हा फाइली कुलूपबंद करणारा तयार प्रोग्राम घाला. पाच वर्षं वापरतोय, कधी त्रास नाही.

डिचोलीकर: सचिनबाब, नवीन काय घालायचं ते नंतर. आधी जुनं बाहेर काढायचंय. यादी उघडली! सुरुवातीला रशियनसारखी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं आहेत, मग "मांक,नाव,वांगड,गाव" आणि पुढे सगळी नावं स्वच्छ.

कळंगुटकर: रशियन? हा रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आहे. इंटरनेट काढा, लगेच!

फोंड्याचा नाना: रॅन्समवेअर सहसा पुढची नावं अशी स्वच्छ ठेवत नाही. उगाच घाबरवू नका. पहिला शब्द "अनुक्रमांक" होता ना?

डिचोलीकर: होय.

पेडण्याची मुक्ता: मग सापडलं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. अ, न, उकार, क, हलंत मिळून १५, आणि र चा पहिला बाइट धरून १६. म्हणजे बरोबर पहिलाच ठोकळा बिघडलाय. सीबीसीत प्रत्येक ठोकळा आधीच्या एनक्रिप्ट झालेल्या ठोकळ्याशी एक्सॉर होतो (बिटाला बिट लावून मिसळतो; तेच परत केलं की मूळ मिळतं). पहिल्याच्या आधी कोणी नसतं, तिथे आयव्ही, म्हणजे सुरुवातीसाठी आपण दिलेले १६ बाइट, लागतो. तो चुकला की फक्त पहिला ठोकळा जातो. स्कॅनचा पहिला ठोकळा म्हणजे जेपेग या चित्राच्या फाइलीची ओळखच, म्हणून ते उघडत नाहीत.

म्हापसेकर: आयव्ही फाइलीच्या सुरुवातीलाच ठेवतात. पहिले १६ बाइट कापून टाका.

पेडण्याची मुक्ता: तसं असतं तर कचऱ्यामागून अख्खं "अनुक्रमांक" दिसलं असतं. इथे "अनुक्र" हरवलंय. डिचोलीकर, बिघडलेले पहिले १६ बाइट आणि "अनुक्रमांक"चे पहिले १६ बाइट एक्सॉर करा. तुम्ही शून्यं दिली होती, त्यामुळे जे निघेल तोच खरा आयव्ही. दोन याद्यांवर करून बघा.

सांगेकर: डीईएस या जुन्या सायफरची ५६ बिटांची चावी १९९८ मध्ये ५६ तासांत फोडली होती. एईएसचंही तसं होईल काय?

फोंड्याचा नाना: २५६ बिट म्हणजे ५६ची पाचपट नव्हे. दर बिटाला शक्यता दुप्पट होतात. वेगळा धागा काढा.

डिचोलीकर: दोन्ही याद्यांत सोळाच्या सोळा बाइट हेक्स (१६च्या पायातल्या आकड्यांत) ३० निघाले!

पेडण्याची मुक्ता: हेक्स ३० म्हणजे शून्य हे अक्षर. भाच्याने "०" हा आकडा इंग्रजी टंकात सोळा वेळा लिहिला, तुम्ही शून्य किमतीचे बाइट दिलेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट हेक्स ई०, तो ३० शी एक्सॉर झाला की डी० होतो, आणि रशियन अक्षरं तिथूनच सुरू होतात.

डिचोलीकर: आयव्ही बदलला. ३१२ही उघडल्या, १९६४ची पावतीसुद्धा! मुक्ताताई, नाना, देव बरें करूं.

पेडण्याची मुक्ता: आता परत एनक्रिप्ट कराल तेव्हा प्रत्येक फाइलीला नवा आयव्ही घ्या आणि तो फाइलीतच ठेवा, तो गुप्त नसतो. सगळीकडे एकच ठेवला तर सारखी सुरुवात असलेल्या याद्यांची सुरुवात एनक्रिप्ट होऊनही सारखीच दिसते. आणि सीबीसीऐवजी जीसीएम हा मोड घ्या, कोणी मधले बाइट बदलले तर तो फाइल उघडूच देत नाही.

मडगावचा सचिन: व्हेराक्रिप्टमध्ये यातलं काहीच बघावं लागत नाही.