टॉम रीडने 1890मध्ये कोरम मोजला, ते योग्य होतं का?

दप्तरदार: मेन राज्यातल्या पोर्टलंडचा रिपब्लिकन थॉमस ब्रॅकेट रीड (1839–1902) अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात 1877 ते 1899 होता. माझ्या मते सभापती म्हणून त्याने केलं ते योग्यच.

कोरम, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, 165चा. पण नाव पुकारल्यावर मत देईल तोच हजर, अशी जुनी वहिवाट. रिपब्लिकनांचं बहुमत निसटतं. त्यांचे चार जण आजारी पडले की डेमोक्रॅट बाकावर बसून गप्प राहायचे आणि कामकाज ठप्प! 29 जानेवारी 1890ला वेस्ट व्हर्जिनियातल्या एका वादग्रस्त जागेचा विषय घ्यायचा का, यावर 161 विरुद्ध 2 मतं पडली. दोन कमी. रीडने गप्प बसलेल्यांची नावं एकेक करून वाचली आणि हजर म्हणून नोंदवायला लावली. केंटकीचे मॅक्रिअरी उसळले, ‘मला हजर धरायचा तुम्हाला अधिकार नाही.’ रीडचं उत्तर: सदस्य हजर आहेत एवढंच मी सांगतोय, ते नाकारतात का? आता समोर उभं राहून नाकारणार कसं?

उलटतपासणी: किस्सा झकास, पण अर्धाच. हाच रीड 1880मध्ये अल्पमतात होता, तेव्हा व्हर्जिनियाच्या टकर यांनी अशीच मोजणी सुचवली आणि यानेच विरोध केला. शिवाय प्रकरण कोरमवर थांबलं नाही. 14 फेब्रुवारीच्या नव्या नियमांनी वेळकाढू प्रस्ताव फेटाळायचा हक्क सभापतीला मिळाला. वेळकाढू कोणता, हे ठरवणारा तोच. कोणता विषय कधी आणि कसा घ्यायचा हे ठरवणाऱ्या पाच जणांच्या नियम समितीचा प्रमुखही तोच. पुढे दारं बंद करून सदस्य अडवले, तेव्हा टेक्सासचे किलगोर लाथेने दार उघडून निघून गेले. याला कामकाज म्हणायचं? नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी त्याचा पक्ष झोपवला.

दप्तरदार: 1880चा मुद्दा मान्य, कोलांटउडी होतीच. पण नोव्हेंबरच्या पराभवात त्याच्याच पक्षाच्या मॅकिन्लीने वाढवलेल्या आयातकराचा वाटा मोठा. मोजणीचा परिणाम जुलैत बघा. दक्षिणेतल्या काळ्या मतदारांच्या संरक्षणासाठी आणलेलं रिपब्लिकन सदस्य लॉजचं निवडणूक विधेयक 155 विरुद्ध 149 मतांनी पास झालं. गप्प बसण्यात अर्थ उरला नव्हता, म्हणून 149 जणांनी उघड विरोध नोंदवला. (सिनेटने ते नंतर बारगळवलं, तो दोष रीडचा नाही.)

पायरीवरचा: दोघांनीही 1894 सोडलं. 1892मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोजणी वैध ठरवली होती, तरी डेमोक्रॅट बहुमताने ती टाकून दिली होती. मग रीडने आपल्या माणसांना गप्प बसवून त्यांचंच औषध त्यांना पाजलं. एप्रिल 1894मध्ये सभापती क्रिस्प यांच्या पक्षाला तोच नियम आणावा लागला.

उलटतपासणी: म्हणजे मोजणी टिकली, कबूल. पण बाकीचं? तोच एकवटलेला अधिकार पुढे रिपब्लिकन सभापती कॅननच्या हाती गेला आणि 1910मध्ये त्याच्याच पक्षातल्या बंडखोरांनी सभापतीला नियम समितीतून बाहेर काढलं.

दप्तरदार: काढलं ते समितीतून. हजर सदस्य मोजायचा नियम त्या बंडातही तसाच राहिला.