ड्रॅगला मॅन्युअल गाडी : क्लच एकदम सोडायचा की अर्धा धरून सरकवायचा?

त्र्यंबकरोड_टर्बो
परवा पाथर्डी फाट्यावर आमच्यात चांगलीच जुंपली, म्हणून इथे आणतोय. मित्राला त्याची १.२ पेट्रोल हॅचबॅक ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतीला उतरवायची आहे. गाडी घरची, टायर कंपनीचेच. व्हिडिओ बघून त्याने ठरवलंय की पाच हजार आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धरायचे आणि हिरवा दिवा लागला की क्लचवरून पाय उचलायचा.

माझं मत स्पष्ट आहे, आपल्या असल्या गाड्यांना हे चालत नाही. गाडी सुटताना वजन मागे जातं आणि आपली ओढणारी चाकं पुढे. म्हणजे पकड हवी त्या क्षणी पुढचा भार हलका होतो. त्यात डिफरेन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) साधं, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी ते एकटंच गरगरतं. शर्यत पाव मैलाची म्हणजे ४०२ मीटर, पण निकाल बराचसा पहिल्या ६० फुटांत, म्हणजे १८ मीटरमध्ये लागतो. तिथे सेकंदाचा एक दशांश घालवला की शेवटच्या रेषेवर दीड ते दोन दशांश गेलेले दिसतात.

म्हणून तीन हजारांच्या आसपास रेव्ह धरून क्लच पकडतो तिथपर्यंत पटकन आणायचा, टायर किंचित कुरकुरेल एवढंच सरकवायचं (म्हणजे क्लच अर्धा धरून प्लेटा घसरू द्यायच्या), गाडीने वेग घेतला की उरलेला सोडायचा. सगळं डाव्या पायात आहे. बोला.

अंबडचा_मेकॅनिक
डावा पाय तुमचा, बिल गाडीवाल्याचं.

भाऊ, गिअरबॉक्स उतरवून जळक्या क्लचप्लेटा बाहेर काढणं हे माझं रोजचं काम. सरकवून सरकवून निळी पडलेली प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी चकती) हातात घेऊन बघा एकदा. चट्टे पडलेले, बारीक केसासारख्या तडा आणि तो वास दोन दिवस कपड्यातून जात नाही. क्लच एकदम सोडला तर काय होतं? टायर घसरतो. म्हणजे उष्णता जाते टायरमध्ये आणि रस्त्यावर. टायर बाहेर आहे, त्याला वारा लागतो. क्लच डब्यात बंद आहे. घासायचंच आहे तर टायर घासू दे, तो बदलायला अर्धा तास लागतो.

तुमच्या मित्राला सांगा, साडेतीन हजार धर आणि सोड. जरा फिरतील चाकं, फिरू दे.

सिन्नर_डिप्लोमा
दोघांच्या मध्ये थोडं गणित टाकतो. क्लच सरकत असताना इंजिनचे आरपीएम स्थिर धरले तर इंजिनाने दिलेल्या कामातलं निम्मं गाडीला मिळतं आणि निम्मं क्लचमध्ये उष्णता होऊन जातं. ड्रायव्हर धरून गाडी १०५० किलोची माना. पहिल्या गिअरला साडेतीन हजारावर ती ताशी २७ किलोमीटरच्या जवळपास असते, क्लच पूर्ण जुळतो तो तिथे. त्या वेगाला गाडीची गतिज ऊर्जा येते साधारण ३० किलोज्यूल. तेवढीच उष्णता एक-दोन सेकंदात क्लचमध्ये. एका वेळेला काही होत नाही. पण लगेच परत रांगेत लागून दुसरी फेरी, तिसरी फेरी केली की थंड व्हायला वेळ मिळत नाही, तिथे मेकॅनिकभाऊ म्हणतात ते खरं.

पाच हजारावर धरून सरकवलं तर हा आकडा दुप्पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून रेव्ह कमी ठेवणं हा दोन्ही पक्षांना सोयीचा मुद्दा आहे.

निफाडचा_ट्रॅक्टर
द्राक्षाची भरलेली ट्रॉली चढावर लावून ट्रॅक्टरचा क्लच झटक्यात सोडून दाखवा कोणीतरी, पुढची चाकं हवेत जातील मग कळेल. मी टर्बो भाऊच्या बाजूने.

अंबडचा_मेकॅनिक
ट्रॅक्टरला मागची चाकं ओढतात दादा, विषय वेगळा आहे.

त्र्यंबकरोड_टर्बो
मेकॅनिकभाऊ, टायर घसरून क्लच वाचतो हे मान्य. पण चाक नुसतं गुळगुळीत फिरत नाही ना, ते उड्या मारतं. पकडतं, सुटतं, पकडतं, सुटतं. गाडीच्या नाकात धाडधाड ऐकू येतं तो आवाज इंजिन माउंटिंगचा आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणारा सांधा). तिथे सगळा मार त्या जॉइंटला बसतो. क्लचप्लेट झिजते, जॉइंट मात्र तुटतो. ट्रॅकवर गाडी बंद पडली की टोचनचा खर्च धरलाय का बिलात?

कॉलेजरोड_डीसीटी
२०२० नंतरच्या काळात ही चर्चा का चालू आहे? डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घ्या, ब्रेक दाबा, ॲक्सिलरेटर दाबा, ब्रेक सोडा. संपला विषय.

निफाडचा_ट्रॅक्टर
मग गाडीलाच पाठवा शर्यतीला, तुम्ही घरी बसा.

गोदाकाठ_डिझेल
टर्बो (इंजिनाच्या धुराने फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा) असलेल्या गाड्यांसाठी सरकवण्याचा एक फायदा कोणी बोललंच नाही. न्यूट्रलला किंवा क्लच पूर्ण दाबून कितीही रेव्ह करा, टर्बोचा दाब जवळजवळ तयार होत नाही, कारण इंजिनावर भारच नाही. आकडा दिसतो तीन हजार, ताकद मात्र निम्मी. क्लच अर्धा धरला की इंजिनाला ओढावं लागतं, धूर जास्त जातो, टर्बाइन फिरतं आणि दाब चढतो. डिझेलला दोन ते अडीच हजार पुरे. एकदम सोडलं तर आरपीएम धाडकन खाली येतात, टर्बो झोपतो आणि गाडी रेषेवर खोकत राहते.

आपल्या नाशिकला याचा आणखी एक पैलू आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. हवा साधारण सहा टक्के विरळ. टर्बोवाला ते बऱ्यापैकी भरून काढतो, साध्या १.२ पेट्रोलवाल्याला मात्र घाटाखालच्या भावापेक्षा ताकद कमीच मिळते. इथे सराव करून ठरवलेले आरपीएम मुंबईकडच्या सपाटीवर जसेच्या तसे लागू होणार नाहीत, चाक जास्त सहज फिरेल.

इंदिरानगर_बाबा
सराव कुठे करताय पण? रात्री साडेअकराला गंगापूर रोडवर ना? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा एक वर्ष, दहा हजार. आमच्या गल्लीतली पोरं पुलाच्या उतारावर असलंच 'क्लच शिकतात'. वॉकला जाणारे आम्ही मधे असतो.

त्र्यंबकरोड_टर्बो
बाबा, रस्त्यावर अजिबात नाही, त्याबद्दल वादच नाही. ड्रॅग म्हणजे बंद धावपट्टी, वेळ मोजणारे दिवे, हेल्मेट, रुग्णवाहिका. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, तशा जागेचं बोलतोय. क्लच पकडतो कुठे एवढं शिकायला शर्यत लागत नाही, रिकाम्या आवारात पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर न देता गाडी हलवून कळतं.

आणि धावपट्टीचा मुद्दा निघालाच तर तोच माझा मोठा पुरावा आहे. परदेशातल्या तयार ड्रॅग स्ट्रिपवर सुटण्याच्या जागी चिकट रसायन मारलेलं असतं, बूट निघून यावा इतकं. त्यावर चौड्या मऊ टायरची, मागच्या चाकांनी ओढणारी गाडी क्लच सोडून उडते, कारण वजन मागे जातं ते तिच्या कामालाच येतं. ते व्हिडिओ बघून आपण साध्या डांबरावर, धुळीवर, १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर घेऊन तेच करणार?

अंबडचा_मेकॅनिक
हा मुद्दा बरोबर आहे. टायरबद्दल मग एक सांगतो. बर्नआउटसाठी (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवायला) पाणी मारलेल्या भागात नक्षीच्या टायरने जाऊच नका. खाचांत पाणी भरतं आणि नेमकं सुटायच्या रेषेवर ठिबकतं. बाजूने जा, कोरड्यावर चाक थोडं फिरवून धूळ झाडा, बास. पुढच्या टायरची हवा थोडी कमी करा, पण रिममधून निसटेल इतकी नाही.

सिन्नर_डिप्लोमा
नवख्या माणसाने दिव्यांचं आधी समजून घ्यावं. सुटायच्या रेषेवर चाकाच्या आडवे दोन प्रकाशकिरण असतात. तुमची धावायची वेळ सुरू होते ती चाकाने किरण सोडल्यावर, हिरवा लागल्यावर नव्हे. म्हणजे एकट्याने वेळ मोजायची तर हिरव्याला घाई करायची गरजच नाही, श्वास घ्या आणि निघा. समोर प्रतिस्पर्धी असेल तर मात्र प्रतिक्रियेचा वेळही मोजला जातो. तिथे पिवळे तीन दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली येत असतील तर शेवटचा पिवळा दिसताच पाय हलवायचा. दुसरा किरण अडेल न अडेल इतकीच गाडी पुढे घ्या. तेवढ्याने वेळ सुरू होण्याआधी थोडी मोकळी धाव मिळते.

गोदाकाठ_डिझेल
आणि हँडब्रेक. तारेचा असेल तर ओढून ठेवा, क्लच नुकता पकडेल इथपर्यंत आणा, गाडीचं नाक जरा उचललेलं जाणवेल. गिअर आणि जॉइंटमधली सगळी ढिलाई आधीच निघून जाते, धक्का बसत नाही. मग हँडब्रेक आणि क्लच एकाच वेळी. फक्त त्या अवस्थेत दिव्यांची वाट बघत बसू नका, शेवटच्या क्षणी करा. बटणाचा हँडब्रेक असेल तर नाद सोडा.

अंबडचा_मेकॅनिक
हँडब्रेकचं शंभर टक्के पटलं, त्याने जॉइंट वाचतो. क्लच सरकवायचं अजून पटलेलं नाही. मित्राला दोन्ही पद्धतीने पळवायला सांगा, ६० फुटांच्या वेळा इथे टाका. आणि येताना जुनी क्लचप्लेट फेकू नका, मला बघायची आहे.