पहिली स्नोमोबिल: आरएक्स नाव बघून भुललोय, कोणीतरी अडवा

गारठलेला कोल्हापूरकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मिनेसोटात ब्रेनर्डजवळ राहतो, हा तिसरा हिवाळा. पहिले दोन खिडकीत बसून काढले. घरामागून ट्रेल जातो, शनिवारी सकाळी शेजारीपाजारी घुर्र करत निघतात आणि मी हातात चहाचा कप घेऊन बघत बसतो. यंदा ठरवलं, स्लेड घ्यायचीच. (स्नोमोबिल असं इथं कोणी म्हणत नाही, एवढं शिकलोय.)

बजेट ५,००० डॉलर, हेल्मेट-कपडे त्यातच. वजन ६२ किलो. बर्फावरचा अनुभव शून्य. कॉलेजात असताना मात्र मामाची आरएक्स १०० रंकाळ्यापासून पन्हाळ्यापर्यंत पिदडली, आणि घोळ तिथंच झालाय. गेल्या आठवड्यात जाहिरात दिसली: यामाहा आरएक्स-१, २००४ चं मॉडेल, २,८०० डॉलर. नाव वाचलं आणि रात्रभर झोप नाही.

शेजारचे आजोबा म्हणतात पोलॅरिस घे. त्यांच्या समोरचा म्हणतो आर्क्टिक कॅट. पोलॅरिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही याच राज्यातल्या. त्यामुळे सल्ल्यात यंत्र किती आणि भावकी किती ते कळेना.

तर आरएक्स-१ घेऊ का? नाही तर काय बघू? आणि घेतल्यावर ट्रेलवर न्यायच्या आधी काय काय करून घ्यावं लागतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टोपीवाला

आरएक्स १०० ला ११ घोडे (हॉर्सपॉवर). आरएक्स-१ ला १४० च्या वर. आडनाव एक आहे म्हणून सोयरीक जमवू नका. :)

रच्याकने, ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा जन्म असेल तर मिनेसोटात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. मोठ्यांसाठी ऑनलाइन कोर्स आहे, तो आधी उरका.

बेमिडजीची मावशी

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. नऊ हिवाळे चालवतेय, पहिली स्लेड पन्नाशीत घेतली.

आरएक्स-१ वाईट नाही. आर-१ मोटरसायकलच्या घराण्यातलं ९९८ सीसीचं, चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे, निगा राखली असेल तर पुष्कळ चालतं. पण नाकात जड. वळण चुकून ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फात गेलास की ती बाहेर कोण काढणार, ६२ किलोचा तू? तिथं इंजिनची ताकद कामाला येत नाही, आपल्या कमरेची लागते. त्यात यामाहानं २०२५ च्या मॉडेलांनंतर स्लेड बनवणं बंद केलंय. वीस वर्षं जुन्या स्लेडच्या मागे लागलास तर हिवाळा गॅरेजात जाईल.

मी तुझ्या जागी असते तर दोनच शोधल्या असत्या. एक, पोलॅरिसची फॅन-कूल्ड (पंख्यानं थंड होणारी) ५५० इंडी, साधी टू-स्ट्रोक. दुसरी, स्की-डूची ६०० एस (ACE) इंजिनवाली, फोर-स्ट्रोक, साधारण ६० घोडे, पेट्रोल कमी पिते आणि आवाजही कमी. शिकणाऱ्याला ६० घोडे कमी नाहीत, पहिल्याच वळणावर पटेल. ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) १२० ते १३७ इंचांचा बघ, त्यावरचे रबरी दात (इथं लग म्हणतात) सव्वा इंचाच्या आसपास. दोन-अडीच इंची दातांच्या स्लेड स्वस्तात दिसतील, त्या डोंगरातल्या खोल बर्फासाठी. आपल्याकडे डोंगर कुठाय?

आता कूलिंग, कारण माझं पहिलं नुकसान तिथंच झालं. लिक्विड-कूल्ड (कूलंटनं थंड होणारी) स्लेड गाडीसारखी नुसत्या वाऱ्यावर थंड होत नाही. टनेलमध्ये, म्हणजे सीटखाली ट्रॅकला झाकणाऱ्या धातूच्या बोगद्यात, ट्रॅकच्या वरच्या अंगाला हीट एक्स्चेंजर असतात. ट्रॅक बर्फ उडवतो, तो त्यांना लागून वितळतो आणि इंजिन थंड राहतं. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्या हायफॅक्सनाही वंगण म्हणजे तोच बर्फ. तो मिळाला नाही की दोघंही उपाशी.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, दोन दिवस सगळं वितळलं आणि मग एका रात्रीत कडक गोठलं. सकाळी ट्रेल शहाबादी फरशीसारखा. मी खूश, म्हटलं आज काय मस्त पळेल. चार मैलांवर तापमानाचा दिवा लागला आणि मागून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. हायफॅक्स वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटत होते. खाली उतरले आणि कडेचा बर्फ ओंजळीनं टनेलमध्ये कोंबत बसले. येणारेजाणारे थांबून विचारत होते, आणि मला काय सांगावं कळेना, कारण दिसायला मी बर्फाला बर्फ लावत होते.

त्यानंतर आइस स्क्रॅचर बसवले. रेलला (हायफॅक्स ज्यावर बसतात त्या दांड्यांना) लावायच्या दोन स्प्रिंगच्या तारा, फरशी झालेला बर्फ खरवडून वर उडवतात. बाकी काही नाही केलंस तरी हे कर. फॅन-कूल्ड घेतलीस तरी कर, इंजिनाला पंखा आहे, हायफॅक्सना नाही. रिव्हर्स घेताना साध्या तारा उचलून अडकवायच्या, नाही तर वाकतात.

जुनी स्लेड बघायला जाशील तेव्हा आधीच फोन करून सांग, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर हात लावून बघ. कोमट लागलं तर माणूस काहीतरी लपवतोय. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं सारखं हवं. एअरबॉक्स (इंजिनात हवा जाते तो डबा) उघडायला लाव. मी पाहिलेल्या एका स्लेडमध्ये उंदरांनी पक्ष्यांचं खाद्य साठवून ठेवलं होतं, वाटीभर तरी होतं. टनेलच्या उजव्या बाजूला ठोकलेला नंबर रजिस्ट्रेशन कार्डाशी जुळव. ट्रॅकला धातूचे स्टड असतील तर सोड. तुझ्याकडून माझ्याकडे येणारा पॉल बनियन ट्रेल डांबरी आहे, आणि डांबरी ट्रेलवर स्टड चालत नाहीत.

हेल्मेट दुहेरी काचेचं, जमलं तर तापणाऱ्या काचेचं घे. श्वासाची वाफ आतून गोठते आणि माणूस आंधळा होतो. अंगाला सुती काही नको, बनियनसुद्धा.

अवांतर: २०२३-२४ चा हिवाळा इतका कोरडा गेला की माझी स्लेड चारदाच बाहेर आली. अशा वर्षानंतर वैतागून विकणारे भेटतात, घासाघीस कर.

सुपीरियरकाठचा

मावशींना +१. माझी थोडी भर.

ड्राइव्ह बेल्ट (इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) जवळ एक जादा ठेवा आणि तो गॅरेजात, उबेत, दोनदा स्वतः बदलून बघा. जंगलात, अंधारात, सुन्न बोटांनी पहिल्यांदा बदलायची वेळ माझ्यावर आली होती. दीड तास. नंतर कळलं, दहा मिनिटांचं काम.

तळ्यावर पहिल्या वर्षी जाऊ नका. पाच ते सात इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ स्लेडला लागतो. दुधाळ पांढरा असेल तर दुप्पट. ओढा तळ्याला मिळतो तिथं, पुलाखाली, अरुंद खाडीत जाडी भरवशाची नसते. तरी जाणारच असाल तर गळ्यात आइस पिक्स (टोकदार खिळ्यांच्या मुठी) अडकवा, पाण्यात पडलात तर बाहेर यायला. नुसत्या हातांनी बर्फाच्या कडेवर पकड मिळत नाही.

हात बसला की इकडे या. डुलुथ ते ग्रँड मरे १४६ मैलांचा ट्रेल आहे.

गारठलेला कोल्हापूरकर

तीन आठवड्यांनी हजर. ५५० इंडी घेतली, २०१६ ची, २,९०० मैल झालेली, ३,४०० डॉलरला. इंजिन गार होतं, उंदीर नव्हते. सर्टिफिकेट झालं, स्क्रॅचर लावले. आरएक्स-१ ची जाहिरात अजून आहे, रोज एकदा बघतो.

पण पहिल्याच २२ मैलांत दंड भरून आले. स्लेड सरळ चालतच नाही, पुढच्यांच्या चाकोऱ्यांत नाक खुपसत डावी-उजवीकडे पळते. आणि प्रत्येक उंचवट्यावर मी सीटवरून उडतोय. आधीचा मालक चांगला धिप्पाड होता, त्याचा संबंध असेल का?

बेमिडजीची मावशी

आहे ना. मागच्या टॉर्शन स्प्रिंगच्या कॅमवर खाचा असतात, त्यानं सगळ्यात कडक खाचेवर ठेवली असणार. सगळ्यात मऊवर आण. तू बसल्यावर मागचं अंग थोडं खाली बसलं पाहिजे. मागून कडक असेल तर वजन पुढं स्कींवर जातं, म्हणून हँडल जड लागतं आणि नाक जास्त खुपसतं.

मग स्की. पुढचा भाग उचलून स्कींखालच्या कार्बाइड (कडक धातूच्या धारा) बघ, बोथट किंवा वाकड्या असतील तर बदल. हँडल सरळ बांधून ट्रॅकच्या बाजूला लांब सरळ पट्टी धर आणि दोन्ही स्की तिच्याशी ताडून बघ. पुढच्या टोकांमधलं अंतर मागच्यापेक्षा किंचित जास्त हवं, पाव इंचाच्या आत. नक्की आकडा तुझ्या मॅन्युअलमधला धर. ट्रॅकचा ताणही त्यात दिलाय, तोही बघून घे. एवढं करूनही पळत राहिली तर दुहेरी कार्बाइडचे रनर मिळतात, त्यांनी खूप फरक पडतो.

आणि हँडल घट्ट धरू नकोस. थोडी हलणारच ती. तू प्रत्येक झटक्याला उलटा झटका देत असशील, आरएक्सवाले देतात.

गारठलेला कोल्हापूरकर

डावी स्की जवळजवळ अर्धा इंच आत वळलेली निघाली! सरळ केली, स्प्रिंग मऊ केल्या. रविवारी शेजारच्या आजोबांच्या मागून ४० मैल झाले, दंड शाबूत.

एक विचारायचं राहिलं. समोरून रांग आली, त्यातला पहिला मला तीन बोटं दाखवत गेला. मला वाटलं नमस्काराची इथली पद्धत, मीही तीन दाखवली. आजोबा नंतर बराच वेळ हसत होते.

बेमिडजीची मावशी

माझ्या मागे अजून तिघं येतायत, असं सांगत होता तो. तुझ्या मागे कोणी होतं का?

गारठलेला कोल्हापूरकर

मीच शेवटचा.

बेमिडजीची मावशी

मग मूठ दाखवायची. ती माणसं पुढच्या वळणापर्यंत तुझ्या तिघांची वाट बघत जीव मुठीत धरून गेली असतील.