फायनान्सचं मास्टर्स नेमकं कुठे करावं? आपापले अनुभव लिहा

भाचीच्या हातात दोन ऑफर आहेत, एक अमेरिकेची, एक फ्रँकफर्टची. पुढची वीस वर्षं बाहेरच काम करायचं तिच्या मनात आहे. रँकिंगचे तक्ते बघून झाले. जे या वाटेने गेलेत त्यांनी लिहावं. सुरुवात मी करते.

२०१५ साली मी न्यू जर्सीला गेले. रूममेटचं कॉलेज वेगळं, पण डिग्रीचं नाव तेच, एमएस फायनान्स. माझ्या आय-२०वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) २७.०३०५ हा कोर्सचा कोड होता, म्हणजे फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, म्हणजे स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यांत मोडणारा). तिच्यावर ५२.०८०१, नुसतं फायनान्स. त्यामुळे शिक्षण संपल्यावर काम करायला मला ३६ महिने मिळाले, तिला १२. एच-१बी, म्हणजे पुढे तिथेच नोकरी करायचा व्हिसा, त्याच्या दरवर्षीच्या लॉटरीत माझं नाव तिसऱ्या खेपेला लागलं. तिला एकच खेप मिळाली. अकाउंट्स मला तिनेच शिकवलेले, आणि वर्षभरात तिला गाशा गुंडाळावा लागला. एअरपोर्टवर दोघी किती रडलो!

फ्रँकफर्टहून : सरकारी विद्यापीठ, त्यामुळे खर्च मुख्यतः राहण्याखाण्याचाच. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. कोर्स इंग्रजीत म्हणून मी जर्मनकडे दुर्लक्ष केलं, तिथेच चुकलो. मुलाखत छान व्हायची, आणि शेवटी प्रश्न यायचा, 'ग्राहकांशी जर्मन बोलाल ना?' रोज संध्याकाळी क्लासला जाऊन जर्मनची बी-२ पातळी केली, तेव्हा कुठे बँकेच्या रिस्क विभागात लागलो. ताई, भाची पुण्यात असेल तर मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या क्लासला आजच नाव घाला.

लंडनहून : कोर्स एका वर्षाचा. सप्टेंबरात लेक्चर्स सुरू झाली तेव्हा बँकांचे अर्जही सुरू होते. मला ते कळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, बऱ्याच जागा भरून गेल्या होत्या. ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा) मला दोन वर्षांचा मिळाला, पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील.

सिंगापूरहून : मी मास्टर्स केलंच नाही. परळला नोकरी करत सीएफए या फायनान्समधल्या व्यावसायिक परीक्षेच्या तिन्ही लेव्हल दिल्या, रोज पहाटे चार ते सहा. त्या चार वर्षांत घरातल्या सगळ्या लग्नांना बायको एकटीच गेली. पुढे कंपनीनेच इकडे पाठवलं. डोक्यावर कर्ज नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचून भाचीने रात्रीच अमेरिकेतल्या कॉलेजला मेल टाकला, आय-२०वर कोड कोणता येणार म्हणून. उत्तर आलं की इथेच लिहिते.