हेलिपोर्ट, हेलिपॅड की हेलितळ?

भाषांतरवाली: अमेरिकी कंपन्यांनी बांधलेली खासगी हेलिपोर्ट्स आणि ती पुढे का बंद पडली, यावरचं प्रकरण मराठीत करतेय. मी ‘हेलितळ’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘हेलिपॅड’ करा, लोकांना तेच कळतं. पण मुळात दोन्ही शब्द वेगवेगळे आलेत. काय करू?

उडाणटप्पू: संपादकांचं ऐकू नका. पॅड म्हणजे उतरायपुरती जागा. पोर्ट म्हटलं की इंधन, हँगर, प्रवाशांची बसायची सोय वगैरे येतं. लॉस एंजेलिसात 1974 ते 2014 उंच इमारतींच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरायची जागा ठेवणं सक्तीचं होतं. ती आगीसारख्या प्रसंगासाठी. त्याला पोर्ट म्हणाल का?

शुद्धमती: ‘हेलि’ हा तुकडाच अनौरस आहे हो! ग्रीक ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. इंग्रजीने भलतीकडेच तोडून त्याला ‘पोर्ट’ चिकटवलं. आपण आता त्याला तळ लावायचा? ‘घिरटीतळ’ घ्या.

उडाणटप्पू: मग उतरायचं कधी? घिरट्याच घालत बसायचं?

जुनाखोड: आम्हाला शाळेत ‘हेली’ म्हणजे सूर्य असं शिकवलं होतं.

शुद्धमती: तो हेलिऑस. त्याचा इथे काही संबंध नाही.

गच्चीवरचा: तळ-पॅड सोडा, खरी गंमत ‘बंद’मध्ये आहे. न्यूयॉर्कच्या पॅन ॲम या विमान कंपनीच्या नावाच्या इमारतीच्या माथ्यावरून 1965 मध्ये हेलिकॉप्टरं सुरू झाली. परवडेना म्हणून 1968 मध्ये सेवा बंद *पडली*. 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी 16 मे रोजी छतावर उभ्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला. पंखा फिरतच होता. यंत्र कुशीवर कलंडलं, पाती तुटून उडाली. छतावर चौघे गेले आणि खाली रस्त्याने चाललेली एक बाई. मग ते बंद *केलं*. आवाजाने वैतागलेले शेजारी कोर्टकचेऱ्या करून एखादं बंद *पाडतात*, ते तिसरंच. प्रकरणभर सरसकट ‘बंद पडली’ लिहिलंत तर कोणी काय केलं तेच कळणार नाही.

उडाणटप्पू: मुद्दा मान्य, दाखला चुकला. तिथे तिकीट काढून कोणीही बसू शकत होतं. खासगी कुठलं?

गच्चीवरचा: इमारत कंपनीच्या नावाची होती की.

उडाणटप्पू: नाव कोणाचं का असेना. विमानवाहतुकीच्या भाषेत ‘प्रायव्हेट यूज’ म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही असं ठिकाण. मालकी खासगी असूनही वापर सर्वांना खुला असू शकतो. भाषांतरवाली, तुमच्या मजकुरात मालकी आहे की वापर?

भाषांतरवाली: दोन्ही, आणि लेखकाने एकच विशेषण वापरलंय.

जुनाखोड: आधी ते ‘खाजगी’ करा. आमच्याकडे कोणी ‘खासगी’ म्हणत नाही.

शुद्धमती: मूळ ‘खास’ आहे, ‘खाज’ नव्हे! होळकरांची ‘खासगी’ आणि ‘दौलत’ ऐकली नाहीत कधी? अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून होई, राज्याचा खर्च दौलतीतून.

जुनाखोड: दप्तरात काय लिहीत ते दप्तराला. बोलताना माणूस ‘खाजगी’च म्हणतो.

भाषांतरवाली: मंडळी, तळ की पोर्ट? उद्या मजकूर द्यायचाय.

शुद्धमती: जुनाखोड, ‘खाजगी’ म्हणणाऱ्याने ‘खास’लाही ‘खाज’ म्हणावं मग.

जुनाखोड: म्हणेन की. तुम्ही ‘नजदीक’ला काय म्हणता? ‘नजीक’च ना?