मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीसाठी मापनाचे उपक्रम (इयत्ता तिसरी)

ठाण्यात तिसरीला गणित शिकवते. यंदा सुट्टीत वहीभर गणितं द्यायची नाहीत, असं ठरवलंय. काल जांभळी नाक्यावरून आणलेल्या पतंगी कागदाच्या झिरमिळ्या वर्गात मोजायला दिल्या, तर निम्म्या मुलांनी पट्टी शून्याऐवजी १ पासून धरलेली! २० सेंमीची झिरमिळी २१ झाली.

घरच्यासाठी एक सुचलंय: डब्यातल्या चकल्या, करंज्या, लाडू मोजून चित्रालेख, एक चित्र म्हणजे ५ नग. (मोजण्याआधीच चकल्या संपल्या तर काय, ते सोडा.) अडलंय ते ग्रॅम आणि मिलीपाशी. पणतीतलं तेल मोजायला लावायचं तर ज्योतीजवळ एवढी लहान मुलं नकोत. उटणं, रांगोळी वापरून कुणी काही केलंय का? घरी वजनकाटा नाही, हे धरूनच सांगा.